मस्तगडातला जपानी हेर

ती गोष्ट आठवली की आजही मी एकटाच हसत बसतो आणि घरातली माणसं एकमेकांकडे बघतात. पोलिसाच्या आठवणी म्हटल्या की लोकांना खून हवा असतो, दरोडा हवा असतो. माझ्याकडे तेही आहेत. पण उभ्या नोकरीत ज्या तपासानं मला सर्वात जास्त आनंद दिला, तो एका चटईचा आणि त्या चटईवर झोपी जाणाऱ्या माझ्याच शिपायांचा आहे. त्यातली बहुतेक माणसं आता हयात नाहीत. तरी नावं मी कुणाचीच सांगणार नाही. त्यांची नातवंडं जालन्यात आहेत आणि ती भेटली की मला नमस्कार करतात. तो नमस्कार मला घालवायचा नाही.

तेव्हा निजामाचं राज्य होतं. मी नुकताच अमीन झालो होतो. अमीन म्हणजे आताचा फौजदार. ठाण्याचा सगळा कारभार उर्दूत चाले. रोज घडलेलं रोजनामच्यात उर्दूत उतरवायचं आणि महत्त्वाचं असेल ते मोहतमीम साहेबांना, म्हणजे जिल्ह्याच्या पोलीसप्रमुखांना कळवायचं. जपान युद्धात उतरला होता. पूर्वेच्या किनाऱ्यावर बॉम्ब पडल्याच्या बातम्या होत्या. जालन्यापासून समुद्र कुठल्या कुठे, पण भीतीला अंतर कळत नाही. परक्या माणसावर नजर ठेवा, विनापरवाना बैठक भरू देऊ नका, असे हुकूम वरून सारखे येत होते. आम्हीही नजर ठेवून होतो. अडचण एवढीच होती की आमच्या हद्दीत परकं माणूस म्हणावं असं कुणी येतच नव्हतं.

अशात एका सकाळी जालन्याच्या मस्तगड भागातला पितळी भांड्यांचा एक दुकानदार ठाण्यात आला. जाडजूड, चांगला खातापिता माणूस. खुर्चीच्या अगदी कडेला बसला आणि हळूच म्हणाला, "साहेब, आमच्या गल्लीत जपानी हेर हाय."

मी त्याला पाणी दिलं आणि सविस्तर सांगायला लावलं. गल्लीत एक गृहस्थ राहत. बरीच वर्षं जपानात होते, लढाई पेटायच्या आधी परत आले. रोज सकाळी त्यांच्या घरात माणसं जमतात. दार लोटून घेतात. एकाला मधे निजवतात आणि बाकीचे त्याच्याभोवती बसून हातावर हात ठेवतात.

"शपथ घेऊन राह्यले, साहेब. मी खिडकीतून पाह्यलं. अन् तो माणूस जपानी भाषेत काहीतरी म्हन्तो. बिलकुल जपानी. मंग सगळे डोळे मिटून गप."

"कोण कोण जातं?"

"शिंपी जातो. हसनाबादचे शेतकरी येतात गाडी जुंपून. बाया पन जातात." हे शेवटचं त्यानं जमिनीकडे बघून सांगितलं. बक्षिसाबद्दल त्यानं विचारलं नाही, याचं मला जरा नवल वाटलं. पण हेर, शपथ, जपान हे तीन शब्द एका दमात ऐकल्यावर तरुण अमिनाला दुसरं काही सुचत नाही.

त्या गृहस्थांना गल्लीत सगळे 'हातवाले काका' म्हणत. मीही तेच म्हणेन. त्यांना लगेच पकडण्यापेक्षा आत काय चालतं ते आधी बघावं, असं मी ठरवलं. वडीगोद्रीकडचा एक जवान माझ्याकडे होता. डोळ्यांत तेल घालून पहारा देणारा, तरतरीत गडी. त्याला साध्या कपड्यांत, पाठ दुखतेय असं सांगून पाठवलं. तो दुपार कलल्यावर आला. चेहरा टवटवीत.

"काय पाहिलंस?"

"साहेब, त्यांनी चटईवर पालथं निजवलं. पाठीवर हात ठेवले."

"मग?"

"मंग मला झोप लागली, साहेब."

आता रोजनामच्यात हे काय लिहायचं? आमचे जमादार जुने, मिशीचे, तीन मोहतमीम पाहिलेले. ते जवानावर असे कडाडले की ठाण्याबाहेरचं कुत्रं उठून गेलं. "नक्को साब, इन पोट्ट्यांना नक्को भेजो. मैं खुद जाता," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी डोकेदुखीचं सोंग घेऊन गेले. परत आले तेव्हा त्यांच्या उजव्या गालावर चटईचे वळ स्पष्ट उमटले होते.   ते दौतीत टाक बुडवत बसले आणि म्हणाले, "साब, बीवी के इंतकाल के बाद ऐसी नींद नहीं आई थी."

हेरगिरीचा पुरावा म्हणून याचा उपयोग नव्हता. मी काकांना ठाण्यात बोलावलं.

पन्नाशीचे गृहस्थ. धोतर, काळी टोपी, पाठ सरळ. खुर्चीवर बसले ते संबंध चौकशीत हलले नाहीत. मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे नोकरी होती, त्यानं त्यांना जपानात कोबे बंदरात रुईचे नमुने तपासायला नेलं होतं, असं त्यांनी सांगितलं.

"तिथं आजारी पडलो. पोटात अन्न ठरेना. परक्या मुलखात कुणाला सांगणार? घरमालकांच्या लक्षात आलं. त्यांनी मला चटईवर निजवलं, पोटावर दोन्ही हात ठेवले अन् बसून राह्यले. रोज बसायचे. बरा झाल्यावर मी म्हणालो, हे मला शिकवा."

"घरमालक काय करत होते?"

"आरमारात कप्तान होते. मंग सोडलं ते."

जमादारांचा टाक कागदावर थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. जपानी आरमाराचा कप्तान म्हटल्यावर प्रकरण हैदराबादेपर्यंत पोचल्याचं त्यांना डोळ्यांसमोर दिसत असावं. माझ्या मनात मात्र तिथेच पहिली शंका आली. लपवायचं असतं तर माणूस त्या कप्तानाचा न्हावी करून टाकतो. इतकी अडचणीची गोष्ट स्वतःहून कोण सांगेल?

या विद्येला तिकडे रेकी म्हणतात, असं काका म्हणाले. घरमालकांच्या गुरूंनी एका डोंगरावर उपास करत ध्यान लावलं होतं, तिथं त्यांना हे गवसलं अशी आख्यायिका. "खरं-खोटं मला ठाऊक न्हाई, मी काही तिथं नव्हतो," हेही त्यांनीच जोडलं. पुढे टोकियोत मोठा भूकंप झाला, तेव्हा ते गुरू जखमी लोकांवर हात ठेवत हिंडले आणि ही पद्धत सगळीकडे झाली.

"पद्धत म्हणजे काय?"

"काही न्हाई साहेब. अंगावरून हळूहळू हात न्यायचा. जिथं हाताला ऊब लागते, मुंग्या येतात, तिथं थांबायचं. घाई करायची न्हाई. डाक्टरकडं जाऊ नका असं मी कुणाला म्हणत न्हाई."

"आणि हातावर हात ठेवून शपथ घेता ती?"

काका पहिल्यांदाच गोंधळले. मग त्यांच्या लक्षात आलं. "एका माणसावर चौघं हात ठेवतात. जागा पुरत न्हाई, म्हणून एकाच्या हातावर दुसऱ्याचा येतो."

जपानी शब्दांचाही खुलासा त्यांनी केला. सकाळी हात जोडून म्हणायचे ते पाच नेम आहेत, त्यांचा अर्थ त्यांनी सगळ्यांना मराठीत समजावून दिला आहे, स्वतः मात्र शिकले तसे म्हणतात. हे सगळं मनाला पटत होतं. पण मनाला पटलेलं कागदावर चालत नाही. जालन्यात जपानी जाणणारा दुसरा माणूस कुठून आणायचा? मी चौकशीचा अहवाल वर पाठवला. पाठवणं भागच होतं. उलट टपाली मोहतमीम साहेबांचा हुकूम आला: संशयिताला अटकेत ठेवा, दौऱ्यावर येतो आहे, परत जाताना त्याला बरोबर नेऊन हैदराबादला रवाना करीन.

याचा अर्थ आम्हाला सगळ्यांना माहीत होता. लढाईच्या संशयात हैदराबादला गेलेला माणूस लढाई संपेपर्यंत दिसायचा नाही.

काकांना हवालातीत घेतलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं, "संध्याकाळी थोडा वेळ घरी जाऊन येता येईल का?" त्यांच्या पत्नीची डावी बाजू अर्धांगवायूनं गेली होती. काका रोज संध्याकाळी तिचा हात आपल्या हातात घेऊन बसत. मूलबाळ नव्हतं. मला नाही म्हणावं लागलं. ते बरं म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले. मला इतकं वाईट वाटलं की मी जमादारांना काकांच्या घरी पाठवून दिलं. ते परत आले नि म्हणाले की गल्लीतल्या बायका आधीच तिथं पोचल्यात. एकीनं हात धरलाय, एकीनं पाय. काकांना हे सांगितलं तेव्हा ते वळून बसले आणि पहिल्यांदा जेवले.

मोहतमीम साहेब यायच्या आत मला काहीतरी ठोस हवं होतं. मग मी तपासातला सर्वात जुना उपाय केला. चटईवर जाणाऱ्यांना वेगवेगळं बोलावलं, एकमेकांना भेटू न देता, आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: ते जपानी बोल म्हणजे काय?

शिंपी म्हणाला, "आज कुनावर चिडायचं न्हाई. काळजी करायची न्हाई. मिळालं त्याचं समाधान मानायचं. कामात लबाडी न्हाई. अन् माणसाशी गोड वागायचं. गिऱ्हाईक शिवलेली बंडी परत घेऊन आलं की पयला नेम लई जड जातो, साहेब."

हसनाबादच्या शेतकऱ्याला नेम असा शब्दच माहीत नव्हता. तो म्हणाला, "आजच्या दिसापुरतं हाय ते. बैल अडला तरी शिवी द्यायची न्हाई. पाऊस येतो का न्हाई ते आज इचारायचं न्हाई. आज वखर नीट धरायचा, भाकर मिळाली तर देवाचं नाव घ्यायचं, अन् शेजाऱ्याच्या बांधावर पाय द्यायचा न्हाई. काकानं बांधाचं सांगितलं न्हाई, ते म्या जोडलं."

तिसरी साक्षीदार मस्तगडातली एक बाई होती. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज. तिनं पाचही नेम बोटांवर सांगितले आणि वर म्हणाली, "आजच्यापुरतं रागवायचं न्हाई म्हन्ले काका. म्हटलं एक दिवसाचं काय, जमल. मंग दुसऱ्या दिशी उठले तर परत आजच. बराबर फसवलं त्यांनी आम्हाला."

मी समाधानानं टेबलावर हात टेकला. पढवलेले जबाब शब्दाला शब्द जुळतात. खरे जबाब शब्दांनी जुळत नाहीत, अर्थानं जुळतात. शिंप्याची बंडी, शेतकऱ्याचा बैल आणि या बाईचा आजचा दिवस कुणी कटवाला बसून पढवू शकत नाही.

बाई उठता उठता म्हणाली, "पूर्वी आमच्या घरी रोज भांडन. मी बोलायची, ते बोलायचे. आता मी हूं म्हन्ते अन् कामाला लागते."

"ते काय करतात?" मी सहज विचारलं.

"पितळीचं दुकान हाय की मस्तगडात."

मी तिला वाटेला लावलं आणि जवानाकडून दुकानदाराला मागच्या दारानं बोलावून घेतलं. खबर देणाऱ्याचं नाव फोडायचं नसतं. बायकोसमोर तर मुळीच नाही. तो पुन्हा खुर्चीच्या कडेला बसला. मी हेराचा विषय काढलाच नाही. म्हटलं, "घरी कसं काय?"

तेवढ्यावर तो गडी फुटला.

"साहेब, ती भांडतच न्हाई माझ्याशी. मी मुद्दाम म्हन्लो, भाजीत मीठ कमी हाय. तर म्हन्ली, उद्या जास्त टाकते. अन् हसली, साहेब. दुकानातून लवकर आलो, उशिरा आलो, काहीच न्हाई. पूर्वी मी दारात पाय ठेवला की चालू व्हायची. घर भरल्यावानी वाटायचं. आता मी भांड्यांत बसतो अन् ती त्या चटईवर बसते. मला वाटलं, हिला कुनीतरी मंतरून बांधून टाकलं."

"म्हणून जपानी हेर?"

"ते जपानी बोलतात हे खरं हाय की," तो म्हणाला. मी त्याला काका कुठे जाणार आहेत ते सांगितलं. त्यांच्या बायकोचं सांगितलं. हैदराबाद हा शब्द ऐकल्यावर त्याचा चेहरा उतरला. त्याला वाटलं होतं, पोलीस दम देतील, चटई गुंडाळली जाईल, संपलं. पुढे काय होतं याचा विचार खबर देताना कुणी करत नाही.

मोहतमीम साहेबांची मोटार यायची होती त्या सकाळी मी गणवेश चढवून दारात उभा राहणार, एवढ्यात ठाण्यासमोर टांगा थांबला. काकांच्या पत्नीला आणलं होतं. आणि तिला दोन्ही हातांवर उचलून उतरवणारा माणूस पितळीचा दुकानदार होता. मागोमाग त्याची बायको, शिंपी आणि गल्लीतल्या बायका. मी अडवायला हवं होतं. मी फक्त बाजूला झालो. त्यांनी तिला हवालातीच्या गजांना टेकवून बसवलं. काकांनी गजांतून हात बाहेर काढला, तिचा डावा हात धरला आणि डोळे मिटले. बाकीचे व्हरांड्यात रांगेनं बसले. जागा पुरेना, तसे एकाच्या हातावर दुसऱ्याचा हात आला. पहाऱ्यावरचा वडीगोद्रीचा जवान बंदूक धरून उभा होता, पण त्याचे डोळे जड झाले होते हे मला दिसत होतं.

मोहतमीम साहेब पायरीवर थबकले. विनापरवाना बैठक, तीही ठाण्यात.

"अमीनसाब, ये ठाणा है या दवाखाना?"

मी सलाम ठोकला. म्हटलं, "बैठक माझ्या परवानगीनं भरली आहे, हुजूर. संशयित आणि साक्षीदार सगळे हजर आहेत." परवानगी मी कुणालाच दिली नव्हती. पण दिली असती, हे खरं होतं.

त्यांनी जबाब मागवले, उभ्या उभ्या वाचले. बैलाच्या जबाबावर त्यांच्या मिशीत काहीतरी हललं. मग ते दुकानदाराच्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले. हैदराबादी साहेबानं मोडक्यातोडक्या मराठीत विचारलं, "बाई, तुमच्या काकाला आम्ही नेतो. राग येतो?"

"आला असता," ती म्हणाली. "पन आज रागवायचं न्हाई म्हनून गप हाय. न्हाईतर दोन शब्द ऐकवले असते."

व्हरांड्यात कुणीतरी हसू दाबलं. साहेबांनी माझ्याकडे वळून विचारलं, की मुळात खबर दिली कुणी? मी उत्तर देणार नव्हतोच. पण दुकानदार स्वतःच उठला. हात जोडून, बायकोकडे न बघता त्यानं सगळं सांगितलं. मीठ कमी होतं इथपासून. साहेबांनी अगदी शेवटपर्यंत ऐकलं.

"बीवी झगडती नहीं, ये शिकायत मैंने नौकरी में पहली बार सुनी," ते म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मग जमादार हसले, मग सगळं ठाणं. गजांमागे काकाही हसत होते. त्यांची पत्नी तोंडाच्या एका बाजूनं हसत होती आणि ते हसू मला जन्मात विसरता येणार नाही.

साहेबांनी मुचलक्यावर, म्हणजे चांगल्या वागणुकीच्या हमीवर, काकांना तिथल्या तिथे सोडलं. एक अट घातली: दुश्मनाची जबान नको, जे म्हणायचं ते आपल्या बोलीत म्हणा. काकांनी मान डोलावली. जाताना साहेब मला बाजूला घेऊन म्हणाले की जमादारांच्या गालाचा मामला त्यांच्या कानावर आला आहे. एवढंच बोलून ते मोटारीत बसले. मोटार औरंगाबादच्या रस्त्याला लागल्यावर जमादारांनी सगळ्या ठाण्याला स्वतःच्या पैशांनी चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फेरी मारत मस्तगडातून निघालो, तर पितळीच्या दुकानात मोठा गलका. बाईचा तोच खणखणीत आवाज. सज्जन माणसाला कोठडीत घालायला तुम्हाला लाज कशी वाटली न्हाई, माझ्याशी बोलायचं होतं तर तोंड नव्हतं का, पोलिसाकडं कशाला गेलात, असं ती एका श्वासात ऐकवत होती. गल्ली दाराशी जमली होती. दुकानदार मधोमध उभा, मान खाली. मला बघून त्यानं मान वर केली. चेहरा आनंदानं नुसता फुलला होता.

"ऐकलं का साहेब," तो म्हणाला, "आज तिनं सुट्टी घेतली."

तिनं एकच दिवस सुट्टी घेतली म्हणतात. पुढच्या आठवड्यापासून दुकानदारही चटईवर जाऊन बसू लागला, बायकोच्या शेजारी. काकांच्या पत्नीचा डावा हात शेवटपर्यंत उचलला गेला नाही. रेकीनं अमका रोग बरा होतो, असं मी तेव्हा म्हटलं नाही आणि आजही म्हणणार नाही. झोप लागते, हे मात्र मी न्यायालयात शपथेवर सांगायला तयार आहे, आणि त्याचे दोन साक्षीदार माझ्याच ठाण्यात होते.

राज्य गेलं, खातं बदललं, अमिनाचा फौजदार आणि पुढे आणखी काय काय झालो. शेकडो माणसं खबर घेऊन माझ्यासमोर बसली. शेजारी वाईट आहे, भाऊ चोर आहे, सून चेटकीण आहे. त्यांतल्या काही गोष्टी खऱ्याही होत्या आणि त्यांचा तपास मी कडक केला. पण मस्तगडानंतर मी कुणालाही पहिला प्रश्न गुन्ह्याचा विचारला नाही. पाणी द्यायचो, त्याला खुर्चीत नीट मागे सरकून बसायला सांगायचो आणि विचारायचो, "घरी कोण बोलतं तुमच्याशी?" कितीतरी माणसं त्यावर गप्प बसत. मग मी टाक बाजूला ठेवायचो आणि ती बोलेपर्यंत बसून राहायचो.